नमुना क्रमांक सतरा

कणकुंबीच्या शाळेचं छप्पर दोन पाख्यांचं.
पुढच्या पाख्याचं पाणी मलप्रभेला जातं,
मागच्याचं म्हादईला.
असं सटुप्पा सांगतो. मी मोजलेलं नाही.
मी मोजते ते याहून बारीक:
लिटरमागे नॅनोग्रॅम,
म्हणजे अख्ख्या तळ्यात कुणी चिमूटभर काय टाकलं
त्याची चुगली.

बाटली काचेची लागते, तांबूस.
प्लास्टिक नको, ते स्वतःच पाण्यात बोलायला लागतं.
झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद,
पेटीत बर्फ, खानापूरच्या कुल्फीवाल्याकडून उसना.
लेबलावर गावाचं नाव कुठल्या लिपीत घालू,
म्हणून नुसता आकडा लिहिते.
सतरा.

ओढा चहाच्या रंगाचा.
घाण नव्हे ती, सटुप्पा. पाला आहे.
कुंभा, किंजळ, जांभूळ, गेल्या साली गळलेलं सगळं
भिजून भिजून विरघळलंय.
कोळसाच म्हण, ओला, चुलीआधीचा.
घाट उतरतो, गोव्यात नाव बदलतो
आणि समुद्राला मिळतो.

"तिथं काय करतो?"
तिथं डोळ्यांना न दिसणारे जीव त्याला खातात,
खाल्लेलं श्वासावाटे सोडतात,
ते वाऱ्यावर चढून तुझ्या काजूच्या पानात परत येतं.
उरलंसुरलं, मेलेलं, हगलेलं
भुरुभुरु खाली पडत राहतं,
आठवडेच्या आठवडे, अंधारात,
आणि तळाच्या चिखलात बसतं.
हजार वर्षं. दहा हजार.
"म्हणजे तिकडं कोण तगादा लावत नाही की,"
सटुप्पा म्हणतो, आणि बिडी विझवून
खिशात ठेवतो, ओढ्यात टाकत नाही.
माझ्यामुळे.

दुसरी गोष्ट मी सांगायची टाळते.
त्याच्या पाठीवरचा पंप निळा,
पट्टा काथ्यानं बांधलेला.
सोळा वर्षं, मोहोर धरला की फवारणी.
औषध कुठलं? "डब्यावर लाल त्रिकोण होता.
तेवढं बघितल्यालं."
ते औषध पाण्यात रमत नाही.
त्याला हवा तोच ओला कोळसा.
पाल्याच्या कणाला चिकटतं,
कणाबरोबर घाट उतरतं, बिनतिकिटाचं.
कण ज्याच्या पोटात, तेही त्याच्या पोटात:
शेवाळ, कोळंबी, तारली, बांगडा.
चरबी दिसली की बिऱ्हाड मांडतं.
भाडं देत नाही, जागा सोडत नाही.

आठवडी बाजारात इनास सुके बांगडे मांडतो,
कारवारहून रात्रीच्या टेम्पोनं आलेले.
सटुप्पाची यल्लुबाई एक उचलते,
पोटाशी अंगठ्यानं दाबते.
"तेल हाय बघ यात," खूश होऊन म्हणते.
आहे.
दुपारी तिनं तो निखाऱ्यावर भाजला, वर खोबरेल सोडलं.
मीही खाल्ला. दोन खाल्ले.

प्रयोगशाळेत यंत्र रात्रभर घरघरलं.
कागदावर डोंगर उठले, चोर्ल्याच्या रांगेसारखे.
ओळखीचे बहुतेक.
अठराव्या मिनिटाला एक उंच, अणकुचीदार,
यंत्राच्या यादीत त्याला नाव नाही.
मी पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तिथंच.

माझी धाकटी चार वर्षांची.
तिला दोन वर्षं पाजलं.
तेव्हा आकडा घालायचं
सुचलं नव्हतं.

सटुप्पाचा फोन आला.
"मॅडम, त्या आमच्या सतराचं काय निघालं?"
आमच्या, असं म्हणाला.
मी म्हटलं, पाला निघाला, सटुप्पा. पुष्कळ पाला.
"आणि?"
पलीकडून यल्लुबाईच्या तव्याचा आवाज येत होता.
"मोहोर धरलाय का?" मी विचारलं.
"धरलाय की."
मग आम्ही दोघंही थोडा वेळ
फोन कानाला धरून उभे राहिलो.
"डबा टाकू नकोस," मी म्हटलं. "रिकामा असला तरी.
मी येते. मला त्याच्यावरचं वाचायचंय."